डबा, कॉट आणि १४४१६

जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे पुण्यात वाकडेवाडीच्या एसटी स्थानकावर थांबावं आणि मराठवाड्याकडून आलेल्या गाड्यांतून उतरणारं सामान बघत राहावं. चाकाची बॅग, तिला दोरीने बांधलेली प्लास्टिकची बादली, बादलीत मग, चपला आणि कपड्यांचा ब्रश, वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोणच्याची बरणी, सुतळीने आवळलेली गादी. मुलगा असेल तर सोबत वडील, मुलगी असेल तर बहुधा आई-वडील दोघंही. रिक्षावाले आधी गादी बघतात आणि मग भाडं सांगतात.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी आरोग्य हे सूत्र ठरवलं आणि माझ्या वाट्याला विद्यार्थी आले. नवं सत्र सुरू होताना या मुलांच्या तब्येतीसाठी शहरात काय काय सोयी असतात, ते जाऊन बघा, असं त्यांचं म्हणणं. सोयींची यादी करायला फार वेळ लागला नाही. विद्यापीठाचं आरोग्य केंद्र, महाविद्यालयांतले समुपदेशन कक्ष, सरकारी रुग्णालयं, मोफत उपचारांच्या योजना, चोवीस तास चालणारी हेल्पलाइन. यादी लांब आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. पण मुलांशी बोलायला बसलं की यादीतलं एकही नाव निघत नसे. बोलणं फिरून फिरून तीनच गोष्टींवर यायचं : कुठे झोपतोस, काय जेवतोस आणि आजारी पडलास तर कुणाला सांगतोस.

कॉट बेसिस

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला परिसर ४११ एकरांचा आहे. झाडी दाट, रस्ते शांत, पावसाळ्यात तर हेवा वाटावा असा. वसतिगृहाच्या खोल्या मात्र मागणीला कधीच पुऱ्या पडत नाहीत. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, वसतिगृहाच्या याद्या त्यानंतर लागतात आणि तोवर तास सुरू झालेले असतात. मधल्या काळात यादीत नाव नसलेला मुलगा गाववाल्याच्या किंवा सीनियरच्या खोलीत पथारी टाकतो. विद्यापीठात अशांना सरळ ‘पॅरासाइट’ म्हणतात. मुलं स्वतःच स्वतःला म्हणतात, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. दोघांच्या खोलीत चौघे, कधी पाच. रेक्टरची फेरी आली की दोघे गच्चीवर.

बाहेर राहणाऱ्यांचं जग कॉट बेसिसचं. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतले जुने वाडे आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती, इकडे मॉडेल कॉलनी, औंध, तिकडे कर्वेनगर, कात्रज, आंबेगाव. भाडं खोलीचं नसतं, खाटेचं असतं. नारायण पेठेतल्या अशा एका खोलीत मी गेले होते. चार खाटा, मधे जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी वाट, एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. खोलीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन नायलॉनच्या दोऱ्या आणि त्यावर चौघांचे ओले कपडे. जीन्सचा खिसा हातात धरून पाहिला तर पाणी निथळत नव्हतं इतकंच. “तीन दिवस झाले मॅडम, वाळतच नाही,” एकजण म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो तीच जीन्स घालून कॉलेजला जाणार होता.

नव्या सत्रातला पहिला आजार इथे सुरू होतो. त्याचं नाव गजकर्ण. जांघेत, कमरेला, काखेत. ओलसर कपडा, घाम, एकमेकांचे टॉवेल, एवढं त्याला पुरतं. मुलं लाजतात, मेडिकलच्या दुकानात जाऊन हळू आवाजात ‘खाजेची क्रीम’ मागतात, आणि दुकानदार हातात जी ट्यूब ठेवतो तिच्यात बुरशीवरच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइडही मिसळलेलं असण्याची शक्यता दाट असते. दोन दिवसांत खाज थांबते. मुलगा खूश. स्टिरॉइडने कातडीचा प्रतिकार दाबलेला असतो, बुरशी मात्र आतल्या आत पसरते आणि महिन्याभराने चट्टा तिप्पट होऊन परत येतो. अशा मलमांचा सुळसुळाट झाला म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टिरॉइडच्या बऱ्याच मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानाच्या काउंटरवर ही मनाई किती पाळली जाते, ते मी वेगळं सांगायला नको. एक त्वचारोगतज्ज्ञ सांगत होते, की पुण्यात येणाऱ्या या वयाच्या रुग्णांपैकी बहुतेकजण आधी दोन-तीन ट्यूब संपवूनच त्यांच्याकडे पोचतात. साधी बुरशीनाशक क्रीम सांगितलेले सगळे आठवडे, खाज थांबल्यावरही लावायची आणि अंतर्वस्त्रं उन्हात नाही तर इस्त्रीने तरी कोरडी करायची, एवढ्यावर जे भागलं असतं त्याला पुढे महिनोन्‌महिने लागतात.

दुसरा पाहुणा म्हणजे खरूज. हिचा त्रास असा, की पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात तो ती सगळ्या खोलीला वाटून मोकळा होतो. औषध सोपं आहे. परमेथ्रिनचं मलम रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं, सकाळी आंघोळ करायची, आठवड्याने पुन्हा एकदा. पण ते खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं पाहिजे, खाज असो वा नसो. इथेच गाडी अडते. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणारा एक तरी निघतो, आणि पंधरा दिवसांनी चौघेही पुन्हा खाजवत बसतात. खोलीत पॅरासाइट असेल तर विचारूच नका, कारण तो कागदोपत्री त्या खोलीत नसतोच.

एक डबा, दोन ताटं

दुपारी दीडची वेळ. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या जिन्याखाली डब्यांची रांग लागलेली. प्रत्येकाच्या कडीला रंगीत दोरा किंवा रंगाचा ठिपका, त्यावरून ओळख. एम.ए.च्या पहिल्या वर्षाचे दोघे, एक हिंगोलीकडचा, एक गंगाखेडचा, एक डबा घेऊन वर गच्चीच्या दारापाशी बसले. चार पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, एका खणात आमटी, एका खणात भात. पिशवीतून त्यांनी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणलेल्या आणखी चार पोळ्या काढल्या, एका कांद्याला मनगटाने ठेचलं आणि आमटीत शेंगदाण्याची चटणी कालवून ती वाढवली. डबा एकाच्या नावावर, पैसे निम्मे निम्मे. दोन वेळच्या डब्याला महिना तीन-साडेतीन हजार पडतात, म्हणजे प्रत्येकी दीड-पावणेदोन हजार आणि पोळ्यांचे वरचे. सकाळचा नाश्ता हा प्रकार दोघांच्याही दिनक्रमात नाही. “उठेपर्यंत दहा वाजतात, मग चहा-क्रीमरोल, की एकदम डबा.” रविवारी दुपारी मेसची फीस्ट असते, रात्री सुट्टी. रविवारी रात्री हे दोघे काय खातात? “पाणी पिऊन झोपतो,” म्हणून एकजण हसला. दुसरा हसला नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. पंचावन्न किलोच्या मुलाला झाली पंचेचाळीसच्या आसपास. एका पोळीत तीन ग्रॅम धरली, पातळ आमटीच्या वाटीत चार-पाच, तर पूर्ण डबा दोन्ही वेळा खाणाराही कसाबसा काठावर पोचतो. वाटून खाणाऱ्याने पोळ्या वाढवून पोट भरलं तरी आमटी निम्मीच राहते. उपाय अगदी स्वस्त आहेत. शंभर ग्रॅम फुटाण्यांत वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत त्याहून जास्त, एका अंड्यात सहा. गावाकडून येताना चिवडा-चकलीचे डबे भरभरून येतात, त्यात भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे मात्र क्वचित दिसतात. खाटेखाली डबाभर फुटाणे असणं ही या वयात कुठल्याही प्रोटीन पावडरीपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि जिमच्या दारावर जाहिराती मात्र पावडरीच्या लागतात.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागायचं. १९०९ साली इथे अनाथ विद्यार्थी गृह निघालं ते अशाच मुलांसाठी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभी केली, कारण शाळा काढली तरी बाहेरगावच्या पोराने राहायचं आणि जेवायचं कुठे, हे सुटल्याशिवाय ती भरणार नाही हे त्यांना दिसत होतं. कोल्हापुरातच वसतिगृहात राहून शिकलेले भाऊराव पाटील पुढे साताऱ्यात बोर्डिंग चालवू लागले आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून पोरांना जेवू घातलं. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, ती आजही ग्रामीण मुला-मुलींची वसतिगृहं चालवते. विद्यार्थ्याचं आरोग्य म्हणजे आधी त्याचं जेवण, हे या मंडळींना कुणी शिकवावं लागलं नाही.

अलीकडच्या सरकारी योजनांचा कल मात्र जेवणाऐवजी जेवणाचे पैसे देण्याकडे आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम्. रक्कम वाईट नाही. अडचण ती खात्यावर कधी पडते ही आहे. मेसवाल्याला महिन्याच्या पाच तारखेला पैसे लागतात, हप्ता येतो सत्र निम्मं सरल्यावर. आदिवासी विकास विभागाने २०१८ मध्ये आपल्या वसतिगृहांतली खाणावळ बंद करून पैसे थेट खात्यात टाकायचं ठरवलं, तेव्हा मुलं पुण्याहून नाशिककडे चालत निघाली होती. आम्हाला पैसे नकोत, ताट द्या, अशी ती मागणी होती. पोरं पैसे मिळत असताना नको का म्हणतात, याचं त्या वेळी अनेकांना नवल वाटलं. घरून ‘खतासाठी दोन हजार पाठव’ असा फोन येतो तेव्हा खात्यात पडलेला भोजन भत्ता कुठे जातो, हे ज्याला माहीत आहे त्याला नवल वाटायचं कारण नाही.

ताप आला की गावची गाडी

या मुलांची आजारपणाची पद्धत ठरलेली आहे. पहिल्या दिवशी मेडिकलमधून गोळी. दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही तर रूम पार्टनरकडून गोळी. तिसऱ्या दिवशी रात्रीची गाडी पकडून गाव. पुण्यात दवाखान्यात नेणारं कुणी नाही, तपासण्यांना पैसे नाहीत, आणि गावी आई आहे. गणित समजण्यासारखं आहे. पण सत्र सुरू होण्याचे महिने आणि पुण्यातल्या डेंग्यूचे महिने नेमके एकच, आणि डेंग्यूत खरा धोका ताप भरात असताना नसतो, तो ताप उतरतो तेव्हा सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. मुलाला वाटतं बरं झालं, आणि त्याच रात्री तो दहा-बारा तासांच्या प्रवासाला बसतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, कमालीची गळून गेल्यासारखी अवस्था, यांतलं काहीही दिसलं तर गाडीत नव्हे, रुग्णालयात बसायला हवं. आणि तापावर फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीसाठी रूम पार्टनरच्या बॅगेत असलेली कॉम्बिफ्लामसारखी आयबुप्रोफेनवाली गोळी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढवते. पपईच्या पानांचा रस आणि प्लेटलेटचे आकडे यांची चर्चा प्रत्येक खोलीत होते, ही गोळीची गोष्ट मात्र फार थोड्या ठिकाणी ठाऊक होती.

पाण्याचं दुखणं वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि आकडा दोनशेच्या पुढे गेला. पायांतली ताकद जाऊ लागते आणि ती कमजोरी वर चढत जाते. अनेकांना आधी जुलाब झालेले होते. काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. त्याच पट्ट्याच्या आसपास मोठाली महाविद्यालयं आणि त्यांच्या भोवतीची शेकडो खासगी वसतिगृहं आहेत. तेव्हा महिनाभर प्रत्येक खोलीत पाणी उकळलं गेलं. यंदा मी विचारलं तेव्हा पुन्हा जार. गार पाण्याचा जार आला की तो शुद्ध, अशी एक समजूत पक्की बसली आहे; गार असणं आणि शुद्ध असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वसतिगृहांत विजेच्या किटलीला बंदी असते आणि ती प्रत्येक खोलीत खाटेखाली असते, मॅगीसाठी. तिच्यात पाणी उकळूनही घेता येतं, एवढंच रेक्टरांच्या नकळत सुचवते.

मग जायचं कुठे? विद्यापीठाच्या आवारात आरोग्य केंद्र आहे, किरकोळ गोष्टींना ते पुरतं. आणि विद्यापीठापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि औंध त्या विभागात येतं. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथे केसपेपरचे आणि तपासण्यांचे थोडेफार पैसे पडतात. मुलांना ससून माहीत असतं, कारण ते बातम्यांत असतं. औंधच्या रुग्णालयासमोरून सिटी बसने रोज जाणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, तर ती म्हणाली, “ते तर पोलीस केसचं आहे ना?”

दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आता कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डावर. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, त्याने कागद बघायचे आणि मंजुरी मागायची. आणि कागदापाशी घोडं पेंड खातं. रेशनकार्ड गावी, घडी घालून देव्हाऱ्यामागे ठेवलेलं. मुलाचं नाव त्यावर चढवायचं राहून गेलेलं, किंवा मुलीच्या आधारवरचं नाव एक आणि कार्डावरचं एक. कार्ड ‘ऑनलाइन’ नाही, म्हणजे बारा अंकी नंबर निघत नाही. रात्री अकराला पुण्यात पोरगं स्ट्रेचरवर आणि गावात बाप सरपंचाला उठवतोय, हा प्रसंग मला वेगवेगळ्या तालुक्यांच्या नावांनी अनेकांनी सांगितला.

‘काही त्रास?’ ‘नाही.’

पहिल्या वर्षाच्या मुलांची वैद्यकीय तपासणी होते. बहुतेक महाविद्यालयांच्या शुल्काच्या पावतीवर तिचा रकाना असतो. एका महाविद्यालयाच्या सभागृहात ती चालू असताना मी मागे बसून होते. मुलींची रांग. उंची, वजन, तक्त्यावरची अक्षरं, पुढे. टेबलामागच्या डॉक्टर मान खाली घालून विचारायच्या, “काही त्रास?” उत्तर, “नाही.” खूण. पुढची. एका मुलीला मिनिटभर मिळत असेल. तिच्या मागे मैत्रिणींची रांग कानाला कान लावून उभी, समोर खुर्चीत एक प्राध्यापक हजेरी घेतायत, अशा वेळी कुठली मुलगी सांगणार आहे की पाळी दोन महिने आली नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे त्या रांगेतल्या निम्म्या. हिमोग्लोबिनसाठी बोटाला टोचायला मिनिटाहून जास्त लागत नाही, पण ते त्या यादीत नव्हतं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतल्या तर लागतं, हे कुणी तरी दोन वाक्यांत सांगायला हवं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याच वसतिगृहात, जेवणाआधीच्या तासात, याच मुली जे बोलल्या ते पावतीवरच्या कुठल्या रकान्यात बसणारं नव्हतं. कॉलेजचं स्वच्छतागृह इतकं घाण की बऱ्याचजणी सकाळी निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, मग ताप. ‘हे तर सगळ्यांनाच होतं’ अशी त्यावर त्यांची स्वतःची टिप्पणी. त्या वयाच्या मुला-मुलींसाठी, १० ते १९ वर्षांच्या, सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाचं क्लिनिक असतं. पाळी, त्वचा, मनातल्या शंका, सगळं एका खोलीत, समुपदेशकाशी. पहिल्या वर्षाची जवळजवळ सगळी मुलं त्या वयात बसतात. त्या खोलीतल्या पंधरा-वीस मुलींपैकी एकीनेही हे नाव ऐकलेलं नव्हतं.

डबा परत गेला तर

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, आणि हा आकडा सगळ्या राज्यांत मोठा होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा खटल्यात शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे. शिक्षक-कर्मचाऱ्यांचं वर्षातून दोनदा प्रशिक्षण झालं पाहिजे. टेली-मानससारख्या हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात, वर्गात, ठळक अक्षरांत लावले पाहिजेत. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत.

नंबर १४४१६. टेली-मानस ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं, आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचवतात. काही महाविद्यालयांत मला हा नंबर दिसला. एकीकडे तो सूचनाफलकावर परीक्षेच्या वेळापत्रकाखाली अर्धा झाकलेला होता.

समुपदेशन कक्ष कुठे आहे यावर बरंच अवलंबून असतं. एका ठिकाणी तो प्राचार्यांच्या कार्यालयाला लागून, काचेच्या दाराचा. वेळ अकरा ते एक, म्हणजे ऐन तासांची. तिथल्या रजिस्टरची पानं कोरी राहिली यात नवल नाही. दुसऱ्या एका महाविद्यालयातल्या समुपदेशक बाईंनी खोली नको म्हणून ग्रंथालयाच्या मागचा कोपरा मागून घेतला होता. “ग्रंथालयात कोण कशाला गेलं, कुणी विचारत नाही,” त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे पहिल्या सत्रात येणारी मुलं ‘मला नैराश्य आलंय’ म्हणून येत नाहीत. लक्ष लागत नाही, पाठ केलेलं विसरतं, झोप येत नाही, पोट बिघडतं, म्हणून येतात. गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा इथे इंग्रजीतून चाललेल्या तासाला शेवटच्या बाकावर बसतो आणि पहिल्या चाचणीत नापास होतो. घरी सांगायची सोय नाही. पहिला एटीकेटी लागला की येणाऱ्यांची संख्या वाढते, वायडी झालं, म्हणजे वर्षच वाया गेलं, की येणारे येणंच बंद होतात. “आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, मॅडम, हे घरी कळवणार का?” मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे आणि त्याने ही गोपनीयता हक्क म्हणून दिली आहे, जिवाला धोका असल्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बोललेलं बाहेर जाऊ शकत नाही. हे एक वाक्य दारावर लिहिलं तर दार जास्त वेळा उघडेल.

पण एखादं मूल खचत चाललंय हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं? शिक्षकाला नाही, वर्गात शंभर-दीडशे मुलं असतात. समुपदेशकाला नाही, तिच्याकडे यावं लागतं. नवी पेठेत एक काकू वीस वर्षांपासून मेस चालवतात. पोळ्या लाटता लाटता त्यांनी सांगितलं, “डबा न खाता परत आला तर एक दिवस मी काही म्हणत नाही. गावाला गेला असेल, बाहेर खाल्लं असेल. दोन दिवस लागोपाठ परत आला की मी फोन करते. फोन उचलला नाही तर डबेवाल्या पोराला खोलीवर पाठवते.” असं त्यांनी किती वेळा केलं, ते त्या मोजत नाहीत. एकदा मात्र एका मुलाला त्या स्वतः जाऊन घेऊन आल्या, मेसमध्ये बसवलं, भात-मेतकूट खायला घातलं आणि मग त्याच्या मामाला फोन लावला. मामा रात्रीच निघाला. तो मुलगा आता नोकरीला आहे, दिवाळीला मिठाई घेऊन येतो. काकूंना १४४१६ माहीत नव्हता. मी सांगितला तेव्हा त्यांनी तो फ्रिजवर, गॅस एजन्सीच्या नंबराखाली, खडूने लिहिला.

माझं मत विचाराल तर ते असं आहे. सोयी वाढवायला हव्यातच, पण आहेत त्या सोयी आणि मूल यांच्यात अंतर पडलंय ते माणसाचं. विद्यापीठाच्या सत्रारंभाच्या कार्यक्रमात दीप पेटतो, पाहुणे बोलतात, निरामय जीवनशैलीवर स्लाइड दाखवतात. त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या वर्षाच्या दोन-दोन मुलांनी पहिल्या वर्षाच्या दहा-दहा मुलांना घेऊन आरोग्य केंद्र, औंधचं रुग्णालय आणि समुपदेशकाचा कोपरा पायी दाखवून आणला, तर खर्च वडापावचा येईल. आणि मेसवाले, डबेवाले, अभ्यासिकांचे राखणदार, कॉटचे मालक यांना एकत्र बसवून कुठे फोन करायचा एवढं सांगितलं, तर न्यायालयाच्या सूचनांतल्या ‘प्रशिक्षणा’ला थोडा अर्थ येईल. या लोकांना कर्मचारी म्हणून कुठल्याच यादीत जागा नाही, पण रोज मुलांचं तोंड बघतात ते हेच.

आता दिवाळीची सुट्टी आहे. मूल घरी आलंय, हा अंक कदाचित त्याच्याच उशाशी पडलेला असेल. फराळाचे डबे भराल ते भराच, त्यात शेंगदाण्याचा एक डबा वाढवा. सुट्टी संपायच्या आत तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रावर जाऊन रेशनकार्डावर त्याचं नाव आहे का, आधारवरच्या नावाशी जुळतं का, बारा अंकी नंबर निघतो का, ते बघून घ्या आणि दोन्हींचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये टाकून द्या. आणि रूम पार्टनरचं नाव, गाव, फोन नंबर लिहून घ्या, त्याच्या आई-वडिलांना तुमचा नंबर द्या.